आधी कागदावर, मग गाडीवर

आमच्या सेवागाडीच्या डाव्या दारावर एक पन्हळ आहे. पत्र्याला बळकटी यावी म्हणून ती कारखान्यातच दाबून काढलेली असते. रुंदीला बोटभर आणि खोलीला त्याहून थोडी कमी. पहिल्यांदा गाडीवर आमचे नाव छापलेले व्हिनाइल, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची चिकट फिल्म, लावून घेतले, तेव्हा ते नेमके या पन्हळीतून सुटू लागले. सुरुवातीला नुसती एक फुगीर रेघ दिसत होती. मग तिच्यात हवा शिरली, गाडी धुताना पाणी शिरले, आणि काही महिन्यांतच आमच्या नावातील मधली दोन अक्षरे पत्र्यापासून इतकी सुटली की गाडी वेगात असताना त्यांची फडफड आत बसून ऐकू येत असे. आमचा व्यवसाय घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा आहे. जो दुसऱ्याच्या घरातील वस्तू नीट करून द्यायला जातो, त्याच्या स्वतःच्या गाडीवरचे नाव लोंबत असावे, ही गोष्ट मला फार लागली. त्यामुळे गाडी, दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्ड आणि बिलबुक हे सगळे एकाच वेळी नव्याने करून घ्यायचे, असे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवले.

नवे लावण्याआधी जुने काढायचे होते. चांगल्या प्रतीची फिल्म हीट गनने गरम करून, पत्र्याशी लहान कोन ठेवून सावकाश ओढली, तर मोठ्या पट्ट्यांत निघून येते. आमची फिल्म नखाएवढ्या तुकड्यांत तुटत होती आणि तिचा चिकट थर पत्र्यावरच राहत होता. तो द्रावणाने भिजवायचा, थोडा वेळ थांबायचे, प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडायचा, पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच करायचे, यात आम्हा दोघांचे पूर्ण दोन दिवस गेले. उजव्या दाराच्या खालच्या भागाला पूर्वी ठोकर लागली होती आणि तेवढाच भाग बाहेर रंगवून घेतला होता. तिथे फिल्मबरोबर रंगाचाही तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला जसा धरून बसतो, तसा नंतर मारलेला रंग बसतोच असे नाही. पुढे ज्या कारागिराने आमची गाडी केली, त्यांचा पहिल्याच भेटीतला पहिला प्रश्न होता, “ताई, गाडीला कुठे नंतर रंग मारलाय का?” आधीच्या कामाच्या वेळी हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. तो भाग पुन्हा रंगवला आणि रंगातील द्रावक पूर्ण उडून जाईपर्यंत थांबलो, त्यामुळे सगळे काम काही आठवडे पुढे गेले.

या थांबण्याच्या काळात फिल्मची माहिती घेता आली. व्हिनाइलची फिल्म मुख्यतः दोन रीतींनी तयार होते. एका रीतीत पीव्हीसीचा गरम लगदा रुळांमधून दाबून लाटतात. तिला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसऱ्या रीतीत द्रवरूप मिश्रण सपाट वाहक थरावर ओतून भट्टीत सुकवतात, ती कास्ट. लाटताना पदार्थ ताणला जातो आणि तो ताण फिल्मच्या अंगात राहतो, त्यामुळे ऊन लागले की ती आकसून मूळ स्थितीकडे जाऊ पाहते. ओतलेल्या फिल्ममध्ये असा ताण जवळजवळ नसतो. शिवाय ती पातळ असते, साधारण ५० मायक्रॉनची, तर लाटलेली फिल्म बहुधा ७५ ते १०० मायक्रॉनची असते. सपाट फलकाला, काचेला किंवा थोड्या दिवसांच्या जाहिरातीला लाटलेली फिल्म पुरेशी असते आणि तिथे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पन्हळी, फुगवटे आणि वळणे असलेल्या दारावर मात्र कास्टच हवी, आणि तिच्यावर लावायचे पारदर्शक लॅमिनेशनही कास्टच हवे. नाहीतर वरचा थर आकसू लागतो आणि खालच्यालाही ओढून नेतो. आमच्या दाराचे काय झाले होते, ते मला त्या दिवशी समजले.

आता मजकूर. डिझायनरच्या हाती आम्ही जो पहिला कागद दिला, त्यावर अकरा सेवांची यादी, दोन फोन क्रमांक, ईमेल, संकेतस्थळ, पूर्ण पत्ता, घोषवाक्य आणि एक क्यूआर कोड असे सगळे होते. त्यातले काहीही खोटे किंवा अनावश्यक नव्हते, आणि ते सगळे मावलेला नमुना माझ्या मोबाइलच्या पडद्यावर मला देखणाच वाटला होता. डिझायनरने त्यावर वाद घातला नाही. तिने तोच नमुना प्रत्यक्ष आकारात, साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून आणला, आम्ही ते कागद चिकटपट्टीने जोडून गाडीच्या बाजूवर लावले, आणि आम्हाला न ओळखणाऱ्या एका वाटसरूला तिने रस्त्याच्या पलीकडून चार आकडे मोजेपर्यंत तिकडे पाहायला सांगितले. मग त्याची पाठ गाडीकडे करून काय वाचले, ते विचारले. त्याला फक्त आमच्या नावाचा पूर्वार्ध सांगता आला. चार आकडे हा काही तिचा लहरीपणा नव्हता. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापतो. पाटी त्याला ४५ मीटरवरून दिसू लागली, तर तिच्यापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या हाती चारच सेकंद असतात, आणि त्यातलाही बराच वेळ त्याची नजर रस्त्यावर असते, तशी ती असायलाच हवी.

त्या संध्याकाळी आम्ही भाऊबहीण तो कागद घेऊन बसलो. एकेक ओळ खोडताना जीव तुटत होता, कारण प्रत्येक सेवा आम्ही कष्टाने शिकलेली होती. अखेर गाडीच्या बाजूंवर नाव, ‘घरगुती उपकरणांची दुरुस्ती’ हे तीन शब्द आणि एक फोन क्रमांक एवढेच ठेवले. अकरा सेवांची यादी कार्डाच्या मागच्या बाजूला गेली, जिथे ती हातात धरून निवांत वाचता येते. क्यूआर कोडही कार्डावर गेला. चालत्या गाडीवरचा कोड टिपण्यासाठी कोणी मोबाइल रोखून धरावा, ही अपेक्षाच गैर आहे.

अक्षरांच्या उंचीसाठी या व्यवसायात एक ढोबळ हिशेब वापरतात: दर ३ मीटर अंतरामागे अक्षराची उंची सुमारे २५ मिलिमीटर असावी. म्हणजे २० मीटरवरून सहज वाचता यायला अक्षर साधारण १७ सेंटिमीटर उंच हवे. हा हिशेब मुळात रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवरून बसवलेला आहे, आणि देवनागरीसाठी तो जसाच्या तसा घेतला की फसगत होते. आपल्या ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार असतात. आमच्या नावात वर वेलांटी आणि खाली उकार दोन्ही आहेत, त्यामुळे ३० सेंटिमीटर उंचीची पट्टी घेतली तरी मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम १७ सेंटिमीटर येत होते. उंची नेहमी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची आणि मात्रांची जागा वेगळी धरायची, हे मी आता कोणालाही आग्रहाने सांगते. कितीतरी मराठी पाट्यांवर अक्षरे चेपलेली किंवा उकार कापलेले दिसतात, त्याचे मूळ मोजण्याच्या या चुकीत असते असे माझे मत आहे.

छपाईसाठी फाइल तयार करताना आमच्या बोधचिन्हाची मूळ प्रत कोणाकडेच नसल्याचे लक्षात आले. होते ते मोबाइलवर फिरून फिरून अस्पष्ट झालेले चित्र. असे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि मोठे करताच त्याच्या कडा फाटतात; म्हणून डिझायनरने ते रेषा आणि वक्रांमध्ये, म्हणजे व्हेक्टर स्वरूपात, पहिल्यापासून रेखाटले. अक्षरेही कर्व्ह करून, म्हणजे मजकुराऐवजी नुसत्या आकारांत बदलून घेतली, त्यामुळे छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी ती बदलत नाहीत. मात्र कर्व्ह केलेले अक्षर नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याआधी मजकूर शेवटचा तपासायचा होता, आणि तिथे एक मोठी चूक सापडली. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेताना ‘दुरुस्ती’मधले जोडाक्षर फुटून ‘दुरुस्‌ती’ झाले होते आणि आम्ही तिघांनीही ते दोनदा वाचूनही सोडून दिले होते, कारण ओळखीचा शब्द डोळा वाचत नाही, नुसता ओळखतो. त्यानंतर मी अक्षरे उलट क्रमाने, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, आणि फोन क्रमांक भावाने मोठ्याने म्हणायचा व मी आकड्यावर बोट ठेवत जायचे, असे केले.

गाडीचा आराखडा १:१० या प्रमाणात केला होता. गाड्यांचे तयार आराखडे मिळतात, तरीही कारागिरांनी स्वतः टेप घेऊन दारे, मुठी, इंधनाचे झाकण, चाकांवरच्या कमानी आणि पत्र्यावरच्या प्रत्येक पट्टीची मापे घेतली. तयार आराखड्यात दाराची मूठ प्रत्यक्षापेक्षा चार सेंटिमीटर पुढे होती. आमच्या गाडीचे एक दार सरकते आहे. ते उघडले की मागच्या भागावर जाऊन बसते आणि तिथला मजकूर झाकतो. आम्ही कामाच्या ठिकाणी थांबतो तेव्हा हे दार बहुतेक वेळ उघडेच असते, आणि गाडी निवांत पाहिली जाते ती त्याच वेळी. म्हणून दार बंद असताना आणि उघडे असताना अशी दोन्ही स्थितींत कागद लावून छायाचित्रे काढली, आणि फोन क्रमांक दाराच्या फटीवरून न नेता पूर्ण दारावरच घेतला. गाडीची पाठ हा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. सिग्नलला मागे उभा असलेला माणूस तीन-चार मीटरवर, मिनिटभर, समोर तेवढेच पाहत असतो. तिथे फोन क्रमांक सर्वांत मोठा घेतला आणि आकडे मोकळ्या गटांत तोडले, म्हणजे ते लक्षात राहतात. मागच्या काचेवर छिद्रांची फिल्म लावायची सूचना आली होती. बाहेरून ती चित्र दाखवते आणि आतून बाहेरचे दिसते, हे खरे आहे. पण पाऊस आणि धूळ छिद्रांत बसली की दिसणे कमी होते, म्हणून आम्ही काच मोकळी ठेवली.

रंगाच्या बाबतीत पडद्याने आम्हाला सर्वांत जास्त फसवले. आमचा निळा मोबाइलवर स्वच्छ, तेजस्वी दिसत होता आणि पहिल्या नमुना छपाईत तो जांभळट आला. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. छपाईत निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशी शाई असते, आणि पडद्यावरचा प्रत्येक रंग तिच्यातून काढता येत नाही. निळ्यात मॅजेंटाचे प्रमाण सायनच्या फार जवळ गेले की तो जांभळ्याकडे झुकतो. डिझायनरने दोन्हींत किमान ३० टक्क्यांचे अंतर ठेवले तेव्हा निळा निळा दिसू लागला. त्यानंतर त्याला पॅन्टोनच्या, म्हणजे प्रत्येक रंगाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या, रंगपत्रिकेतील जवळचा क्रमांक शोधून दिला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीचा आमच्यासारख्यांना मोठा उपयोग असा, की कागद छापणारा, फिल्म छापणारा आणि ॲक्रिलिक कापणारा यांना तोंडी ‘थोडा गडद निळा’ असे सांगावे लागत नाही. तरीही आम्ही शेवटचा नमुना त्याच फिल्मवर, त्याच लॅमिनेशनसह घेतला आणि तो गाडीवर ठेवून उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी पाहिला. संध्याकाळच्या प्रकाशात निळ्यावरची लाल अक्षरे जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून ती पांढरी केली.

छपाई झाल्यावर लगेच लॅमिनेशन करू नये यावर कारागीर ठाम होते. सॉल्व्हंट प्रकारच्या शाईतील द्रावक उडून जायला किमान २४ तास लागतात. तो आत कोंडला गेला तर चिकट थर मऊ पडतो आणि कडा वळू लागतात. त्यांनी रोल सैल करून उभा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम पुढे घेतले.

फिल्म बसवण्याचे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. बंद, धूळ नसलेली जागा आणि मध्यम तापमान या दोन्ही गोष्टी त्यांनी आधी साधून घेतल्या. थंडीत फिल्म ताठर होते, फार उष्णतेत नको तितकी ताणते. गाडी साबणाने धुऊन वाळवली आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाण्याच्या मिश्रणाने पुसली, दारांच्या कडा आतल्या बाजूनेही. पॅनेल, म्हणजे छापलेल्या फिल्मचे मोठे तुकडे, चुंबकांनी जागेवर धरून, दूर जाऊन दोनदा पाहिले आणि मगच मागचा कागद सोलायला घेतला. कापडी कडेच्या स्क्वीजीने, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या पट्टीने, मधून बाहेर असे घासत नेताना चिकट थरातील बारीक वाटांतून हवा निघून जात होती. पॅनेल मागून पुढे या क्रमाने लावले, म्हणजे पुढच्या पॅनेलची कड मागच्यावर सेंटिमीटरभर चढते आणि वाऱ्याला आत शिरायला फट मिळत नाही. पत्र्यावर सुरी चालवावी लागू नये म्हणून कडांना आतून बारीक दोरा असलेली पट्टी लावली होती. तो दोरा ओढला की फिल्म सरळ कापली जाते आणि रंगाला चरा पडत नाही.

पन्हळीपाशी आल्यावर ते थांबले. आधीच्या वेळी काय झाले असावे, हे त्यांनी मला एका उरलेल्या तुकड्यावर दाखवले: फिल्म पन्हळीच्या दोन्ही कडांवर आधी चिकटवून मग मध्ये दाबली, तर ती फक्त ताणून तळाला टेकते, आणि ताणलेली फिल्म संधी मिळताच वर उठते. म्हणून त्यांनी वरच्या कडेपर्यंतच फिल्म चिकटवली, खालचा भाग मोकळा ठेवला, हलकी ऊब दिली आणि हातमोजा घातलेल्या बोटाने तिला आधी तळात उतरवून मग खालच्या कडेवर आणले. घाई अशी कुठेच नव्हती. त्या एका पन्हळीला जवळपास अर्धा तास लागला. सगळे बसल्यावर पन्हळी आणि कडा पुन्हा ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केल्या. प्रत्येक ठिकाणी ते तापमापी रोखून आकडा पाहत होते. एवढी उष्णता मिळाली की फिल्ममध्ये उरलासुरला ताण निघून जातो आणि ती नव्या आकारात स्थिरावते. “हात लावून बघा ताई, पण नख लावू नका,” असे म्हणून ते बाजूला झाले. पुढचा आठवडाभर गाडी धुतली नाही, आणि जोराच्या फवाऱ्याचे तोंड कडांवर धरायचे नाही, हे भावाने गाडी धुणाऱ्या मुलाला स्वतः दाखवून सांगितले.

दुकानाच्या पाटीसाठी मागे ॲल्युमिनियम कंपोझिट शीट (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेला फलक) आणि त्यावर आतून उजळणारी ॲक्रिलिकची अक्षरे ठरली. आमच्या नावात ‘ध’ आहे. ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक असतो तो शिरोरेषेच्या डाव्या टोकाशी असलेल्या छोट्याशा फटीचा. कागदावर ती फट स्पष्ट होती. पण उजळलेली पांढरी रेघ अंधारात आहे त्यापेक्षा जाड भासते, हे डिझायनरला ठाऊक होते, म्हणून पूर्ण पाटी करण्याआधी तिने फक्त एक ‘ध’ बनवून घ्यायला लावला. अंधार पडल्यावर तो दाराच्या वर टांगून आम्ही रस्ता ओलांडला, आणि पलीकडून मला स्वच्छ ‘घ’ दिसला. तोच प्रकार ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात होऊ शकतो. फट दुपटीने रुंद केली, रेघ थोडी बारीक केली, आतल्या एलईडींचा प्रकाश कमी केला, तेव्हा कुठे तो ‘ध’ झाला. त्याच अक्षरात आतले एलईडी ठिपक्यांसारखे वेगवेगळे दिसत होते. दोन एलईडींमधले अंतर अक्षराच्या खोलीपेक्षा जास्त होते म्हणून. तेही जवळ घेतले. वीजपुरवठा एका टोकाऐवजी मधून दिला, कारण लांब साखळीत शेवटचे एलईडी मंद पडतात. पाटीखालच्या दोन मीटर लांबीच्या ॲक्रिलिक पट्टीची छिद्रे स्क्रूपेक्षा मुद्दाम मोठी ठेवली. तापमान ३० अंशांनी वाढले, तर एवढी पट्टी सुमारे चार मिलिमीटर लांबते, आणि तिला जागा दिली नाही तर ती छिद्रापाशी तडकते.

कार्डे आणि बिलबुक यांना त्यामानाने कमी वेळ लागला. कडेपर्यंत रंग असल्याने चारही बाजूंना ३ मिलिमीटरचा ब्लीड, म्हणजे नंतर कापून टाकायचा जादा रंग, सोडला, आणि बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत घेतला. चार शाया मिळून छापलेल्या बारीक अक्षरांच्या कडा थोड्याशा सरकल्या तरी धुरकट होतात. कार्डाची मागची बाजू मी लॅमिनेशनशिवाय ठेवायला लावली, कारण पुढच्या भेटीची तारीख आम्ही तिथे पेनाने लिहून देतो आणि गुळगुळीत थरावर पेन चालत नाही.

काम संपल्यावर डिझायनरकडून मूळ फाइल, कर्व्ह केलेली फाइल, रंगांचे क्रमांक आणि फिल्मचे नाव मागून घेतले, आणि उरलेल्या फिल्मचा एक तुकडा कपाटात सपाट ठेवला आहे. आता दुसरी गाडी आली आहे. ती आधीच्या गाडीपेक्षा आखूड आहे, त्यामुळे जुना आराखडा तिला चालणार नाही. कालच तिच्या बाजूवर आमचे नाव कागदात कापून चिकटपट्टीने लावले. ‘ध’ नेमका दाराच्या मुठीखाली जातो आहे, तेव्हा ओळ अजून वीतभर मागे घ्यावी लागेल.